पोटॅशियम 6.8 आलंय, सिस्टर!

सकाळी साडेनऊची वेळ. मेडिकल वॉर्डात राउंड सुरू व्हायचाय, मावशी चहाचे कप गोळा करतायत, आणि लॅबचा फोन वाजतो. "बारा नंबरचं पोटॅशियम 6.8." फोन घेणारी मुलगी जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, करून नुकतीच लागलेली. ती धावतच माझ्याकडे आली. 3.5 ते 5 च्या मधे हवं, एवढं तिला तोंडपाठ होतं, आणि 6.5 च्या वर हृदय थांबू शकतं हेही परीक्षेत लिहून आली होती. मी तिला घेऊन बारा नंबरच्या खाटेपाशी गेले. आजोबा मांडी घालून पोहे खात होते. नाडी बहात्तर, तक्रार एकच, पोह्यांत मीठ कमी.

ईसीजी काढून घेतला, साधा निघाला. मग विचारलं, रक्त कोणी घेतलं? तीच म्हणाली, "मी. शीर सापडत नव्हती, तीनदा टोचलं." दंडाचा टूर्निकेट पट्टा घट्ट आवळून ठेवलेला, आजोबांना मूठ उघडझाप करायला लावलेली, बारीक सुईने जोर लावून ओढलेलं रक्त त्याच सुईतून दाबून बल्बमध्ये, म्हणजे रक्ताच्या छोट्या नळीत, सोडलेलं. पोटॅशियम मुख्यतः पेशींच्या आत राहतं, बाहेर रक्तद्रवात अगदी थोडं. तांबड्या पेशी अशा चेंगरल्या की आतलं बाहेर सांडतं आणि यंत्र तेही इमानदारीने मोजतं. डॉक्टरांना सगळं सांगितलं, दुसऱ्या हातातून नीट सॅम्पल घेतलं. 4.4.

त्याच वॉर्डात, काही महिन्यांनी, पुन्हा 6.8. या वेळी डायलिसिसचा पेशंट. पाहुण्यांकडे लग्न होतं म्हणून एक पाळी चुकवलेली, वर उन्हाळा म्हणून दोन दिवस शहाळ्याचं पाणी, ज्यात पोटॅशियम भरपूर. "पाय उचलत नाहीत सिस्टर," म्हणत होता. ईसीजीवर टी लाटा तंबूच्या टोकासारख्या उभ्या. तिथे दुसऱ्या सॅम्पलची वाट बघत बसायचं नसतं.

आकडा एकच होता, माणसं दोन. लॅबच्या आकड्यांबद्दल नव्या मुली मला विचारतात तेव्हा त्यांना नॉर्मल रेंजचा तक्ता हवा असतो. तक्ता भिंतीवर लावलेलाच आहे. मी सांगते ते एवढंच की आकडा दिसला की तीन गोष्टी विचारा. माणूस कसा दिसतोय, काल हाच आकडा किती होता, आणि रक्त कसं घेतलं. क्रमही हाच. माणूस पडलेला दिसत असेल तर बल्बची चौकशी नंतर.

आधी त्या "नॉर्मल"चं जरा बघू. रिपोर्टवर उजव्या बाजूला जी रेंज छापलेली असते ती साधारणपणे अशी ठरते: बऱ्याच निरोगी लोकांचं रक्त तपासायचं आणि मधले 95 टक्के ज्या पट्ट्यात येतात तो पट्टा धरायचा. म्हणजे धडधाकट असलेल्या दर वीस जणांतला एक जण त्या पट्ट्याबाहेर असणारच. याचा हिशेब पुढे नेला तर गंमत होते. एका निरोगी माणसाच्या एकमेकींशी संबंध नसलेल्या वीस तपासण्या केल्या, तर त्यातली निदान एक तरी "चुकीची" येण्याची शक्यता 64 टक्के. फुल बॉडी चेकअपच्या जाहिरातींचं अर्धं गणित इथेच आहे, असं माझं मत. रेंजबाहेरच्या आकड्याशेजारी रिपोर्टवर छापलेला तारा दिसला की नातेवाईक घाबरतात. त्यांना घाबरवण्याइतका तो तारा शहाणा नसतो.

पोटॅशियमकडे परत येते, कारण सिस्टरच्या हातून जीव जाऊ किंवा वाचू शकतो असं याच्याइतकं दुसरं नाव नाही. खोट्या पोटॅशियमची आणखी एक तऱ्हा आहे. जांभळ्या टोपीच्या बल्बमध्ये ईडीटीए असतं, रक्त गोठू नये म्हणून, आणि ते ईडीटीए पोटॅशियमच्याच क्षाराच्या रूपात असतं. प्लेन बल्बमध्ये रक्त कमी पडलं म्हणून कुणी जांभळ्यातलं थोडं त्यात ओतलं, की पोटॅशियम आभाळाला भिडतं. त्याच वेळी कॅल्शियम पार तळाला जातं, कारण ईडीटीएचं कामच कॅल्शियम पकडून ठेवणं. पोटॅशियम 9, कॅल्शियम 4 आणि पेशंट चहात बिस्कीट बुडवतोय, असं चित्र दिसलं तर समजा की बल्बांची अदलाबदल झालीय. म्हणून आधी निळी टोपी, मग लाल किंवा पिवळी, मग जांभळी, शेवटी करडी, हा क्रम पाळायचा. ब्लड कल्चर असेल तर ते सगळ्यांच्या आधी. विद्यार्थिनींना ही परीक्षेची घोकंपट्टी वाटते, पण एका बल्बातलं रसायन सुईला लागून दुसऱ्यात जाऊ नये म्हणून तो क्रम आहे.

खरंच वाढलेलं असेल तेव्हा डॉक्टर जी औषधं सांगतात ती प्रत्येकी वेगळं काम करतात, आणि कोणतं काय करतंय हे देणारीला माहीत हवं. कॅल्शियम ग्लुकोनेट हृदयाला सांभाळतं, पोटॅशियम तसूभरही कमी करत नाही. इन्सुलिन आणि डेक्स्ट्रोज (साखरेचं सलाईन) पोटॅशियमला रक्तातून पेशींत ढकलतात. शरीरात ते असतंच, फक्त लपतं, आणि काही तासांनी परत बाहेर येतं. शरीराबाहेर काढायचं तर लघवी, शौच किंवा डायलिसिस. इन्सुलिन दिल्यावर पोटॅशियमच्या नादात साखरेकडे दुर्लक्ष होतं. पुढचे काही तास तासातासाने एचजीटी, म्हणजे बोट टोचून साखरेची तपासणी, करत राहायचं. किडनी बिघडलेल्या माणसात इन्सुलिन जास्त वेळ रेंगाळतं आणि पहाटे साखर 40 वर सापडते.

कमी पोटॅशियमची गोष्ट उलटी. लघवी वाढवणारं लॅसिक्स चालू, जुलाब, उलट्या. आकडा 2.8. पेशंटला गळून गेल्यासारखं होतं, पोट फुगतं, हृदयाचे ठोके चुकतात. हृदयासाठी डिगॉक्सिन घेणारा असेल तर धोका दुप्पट धरा. मग केसीएल, म्हणजे पोटॅशियम क्लोराईड, चढवायचं येतं. आपल्याकडे सर्रास मिळणाऱ्या 10 मिलीच्या अँप्यूलमध्ये 20 मिलीइक्विव्हॅलंट असतं. ती अँप्यूल थेट शिरेत कधीच द्यायची नाही. कधीच. कुणी फोनवर सांगितलं तरी नाही. सलाईनमध्ये मिसळून, हाताच्या शिरेतून तासाला साधारण 10 च्या बेताने. त्याहून वेगाने द्यायचं तर मॉनिटर लावून आणि डॉक्टर सांगतील तसंच. आणि एक बारकावा, जो मला एका जुन्या इनचार्ज सिस्टरनी शिकवला: टांगलेल्या बाटलीत खालून केसीएल टोचू नका. ते जड असतं, तळाशी बसतं आणि पहिल्या काही मिनिटांतच सगळं शिरेत उतरतं. बाटली खाली काढा, औषध घाला, चांगली पाचसहा वेळा उलटीपालटी करा, लेबल लावा, मग टांगा. दोन दिवस भरूनही पोटॅशियम वर येत नसेल तर मॅग्नेशियम तपासायला पाठवलंय का विचारा. ते कमी असलं की पोटॅशियम भोकाच्या बादलीत पाणी भरल्यासारखं वाहून जातं.

सोडियमचा स्वभाव वेगळा. ते 135 ते 145 मध्ये राहतं आणि बिघडलं की माणूस बोलण्यात बिघडतो. "आजी कालपासून काहीबाही बोलतायत, वयच झालं आता," असं सून सांगते. आजींची बीपीची गोळी लघवी वाढवणारी, त्यात शेजारच्या कुणीतरी मीठ पूर्ण बंद करायला सांगितलेलं, आठवडाभर जेवण नाही. सोडियम 116. वयाला बोल लावण्याआधी सोडियम बघा, हे मी आता घरच्यांनाही सांगते. सोडियम कमी असणं म्हणजे बहुतेक वेळा मीठ संपलं असं नसतं, मिठाच्या मानाने पाणी जास्त झालेलं असतं. त्यामुळे काही पेशंटना डॉक्टर चक्क पाणी मोजून प्यायला लावतात, आणि नातेवाईक सिस्टरवर चिडतात.

इथे घाई नडते. हळूहळू उतरलेलं सोडियम झपाट्याने चढवलं तर मेंदूतल्या मज्जातंतूंवरचं आवरण कायमचं खराब होऊ शकतं. म्हणून चोवीस तासांत 8 ते 10 च्या वर जाऊ द्यायचं नाही. 3 टक्के (नेहमीपेक्षा जास्त खारट) सलाईनचा वेग म्हणूनच थेंबाथेंबाने जपायचा असतो. त्यातही एक सापळा. सलाईन सुरू केल्यावर पेशंटला अचानक भरपूर पाण्यासारखी लघवी व्हायला लागली, तर सगळे खूश होतात. मी फोन उचलते. शरीर साठलेलं पाणी भराभर बाहेर टाकतंय, म्हणजे सोडियम आपण चढवतोय त्याहून वेगाने चढणार. हे रिपोर्टात दिसायच्या आधी युरोबॅगमध्ये, लघवीच्या पिशवीत, दिसतं, आणि युरोबॅग कोण बघतं?

किडनीची तब्येत सांगणारं क्रिएटिनिन मला सगळ्यात लबाड वाटतं, कारण ते सभ्य चेहऱ्याने खोटं बोलतं. रेंज साधारण 0.6 ते 1.2. आता एक आजी घ्या, वय 75, वजन 38 किलो, क्रिएटिनिन 1.1. रिपोर्टवर तारा नाही. पण क्रिएटिनिन स्नायूंतून तयार होतं, आणि या आजींच्या अंगावर स्नायू आहेत कुठे? कारखान्यातच माल कमी तयार होतोय, तरी गोदामात 1.1 साठलाय, म्हणजे बाहेर नेणारी गाडीच मंद आहे. 140 मधून वय वजा करा, वजनाने गुणा, क्रिएटिनिनच्या 72 पटीने भागा, बाईमाणूस असेल तर 0.85 ने गुणा. उत्तर येतं मिनिटाला साधारण 26 मिली, म्हणजे किडनी मिनिटाला एवढंच रक्त साफ करते. तरुण निरोगी माणसात हा आकडा शंभराच्या आसपास असतो. या आजींना किडनीवाटे बाहेर पडणाऱ्या अमिकासिन या अँटिबायोटिकचा पूर्ण डोस तरुण माणसाच्या हिशेबाने गेला तर काय होईल ते सांगायला नको. डोस ठरवणं डॉक्टरांचं काम, पण राउंडच्या घाईत "सर, आजींचं वजन 38 आहे" हे वाक्य योग्य वेळी कुणीतरी बोलावं लागतं. वजनकाटा वॉर्डात आपल्याच ताब्यात असतो.

आणि "काल किती होता" हा प्रश्न क्रिएटिनिनसाठीच जन्मला असावा. परवा 0.6, आज 1.2. दोन्ही रेंजमध्ये, दोन्ही बिनताऱ्याचे, आणि मधल्या दोन दिवसांत किडनीचं काम निम्म्याच्याही खाली गेलेलं असू शकतं. 48 तासांत 0.3 ने वाढलं तरी किडनीला अचानक इजा झाली असं धरतात. त्यात क्रिएटिनिन उशिरा चढतं. आज किडनीवर घाव बसला तर आकडा उद्यापरवा बोलतो. लघवी मात्र आजच कमी होते. किलोमागे तासाला निदान अर्धा मिली हवी, म्हणजे 60 किलोच्या माणसाला तासाला 30. इनटेक-आउटपुटच्या चार्टवर "लघवी झाली" असं लिहिणाऱ्यांवर माझा फार जुना राग आहे. किती झाली?

हिमोग्लोबिनचं थोडक्यात. बायकांत 12, पुरुषांत 13, गरोदरपणात 11 च्या खाली म्हणजे रक्त कमी. 2019–21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 15 ते 49 वयाच्या 57 टक्के भारतीय स्त्रिया या रेषेखाली होत्या, त्यामुळे आपल्या वॉर्डात 9 चा आकडा कुणाच्या डोळ्यातच भरत नाही. वर्षानुवर्षं 7 वर असलेली बाई चालत ओपीडीत येते. तीच 7 दोन तासांत गाठलेली बाळंतीण गार पडलेली असते. नंदुरबार किंवा गडचिरोलीकडचा सिकलसेलचा (तांबड्या पेशींच्या आनुवंशिक आजाराचा) पेशंट आला तर त्याचा नेहमीचा आकडाच 8 असू शकतो, त्याला 12 वर न्यायचं नसतं. आणि ताज्या रक्तस्रावात हिमोग्लोबिन सुरुवातीला उतरतच नाही. भांड्यातलं अर्धं सरबत सांडलं तरी उरलेल्याची गोडी तीच राहते, तसं. पाणी भरून निघालं की मग पातळ होतं. तोवर नाडी बघा, हात गार आहेत का बघा.

पांढऱ्या पेशी 4,000 ते 11,000. वाढल्या म्हणजे जंतुसंसर्ग, असं सरळ गणित असतं तर बरं झालं असतं. स्टेरॉईडने त्या वाढतात, बाळंतपणात वाढतात, आणि म्हाताऱ्या माणसात सेप्सिस (जंतुसंसर्गाने अंगभर झालेला बिघाड) असूनही जागच्या हलत नाहीत. केमोथेरपीच्या पेशंटमध्ये मात्र उलटं भय: न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) 500 च्या खाली आणि ताप, एवढं जुळलं की तासाभरात अँटिबायोटिक गेलंच पाहिजे. इतर कामं थांबू शकतात.

पावसाळा लागला की वॉर्डात एकच प्रश्न घुमतो. "सिस्टर, प्लेटलेट किती?" डेंग्यूने प्लेटलेट हा शब्द खेडोपाडी नेला. नॉर्मल दीड ते साडेचार लाख. काही लॅबचे रिपोर्ट हजारांत छापलेले असतात, तिथे 48 म्हणजे 48 हजार, आणि जावईबापू "फक्त अट्ठेचाळीस?" म्हणून खुर्चीत बसतात. पपईच्या पानांचा रस, किवी, बकरीचं दूध, सगळं डब्यातून येतं. मी वाद घालत नाही, फक्त त्यामुळे ओआरएस मागे पडू नये एवढं बघते. आणि अंगदुखीसाठी घरातली अ‍ॅस्पिरिन किंवा ब्रुफेन देऊ नका म्हणून बजावते.

खरं तर डेंग्यूत मला प्लेटलेटच्या शेजारचा पीसीव्ही, म्हणजे रक्तात तांबड्या पेशींचा वाटा किती टक्के तो आकडा, जास्त बोलतो. ताप उतरायला लागतो, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवशी, घरचे सुटकेचा श्वास सोडतात, आणि नेमकं तेव्हाच रक्तवाहिन्यांतून पाणी पाझरायला लागू शकतं. रक्त दाट होतं, पीसीव्ही चढतो. काल 38, आज 46, म्हणजे वीस टक्क्यांच्या वर वाढ. रक्तदाब 100/80 आहे म्हणून चार्टवर टिक करून पुढे गेलात तर चुकलात. वरच्या आणि खालच्या आकड्यात फक्त 20 चं अंतर उरलंय, हा शॉक दारात उभा असल्याचा इशारा. पोटात सतत दुखतंय, उलट्या थांबत नाहीत, पेशंट अस्वस्थ आहे, तर डॉक्टरांना बोलवायचं, प्लेटलेट 90 हजार असल्या तरी. उलट प्लेटलेट 22 हजार, रक्तस्राव कुठेच नाही, पीसीव्ही स्थिर, पेशंट खिचडी मागतोय, तर प्लेटलेटच्या पिशवीसाठी रात्री रक्तपेढ्या पालथ्या घालायची गरज बहुधा नसते. कधी कधी तर प्लेटलेट ईडीटीएमध्ये एकमेकींना चिकटून गुठळ्या करतात आणि यंत्राला त्या मोजताच येत नाहीत. ठणठणीत माणसाचा आकडा 18 हजार आला तर लॅबला काचपट्टीवर बघायला सांगा किंवा निळ्या बल्बमध्ये पुन्हा पाठवा.

निळ्या बल्बचा विषय निघालाच तर: तो खुणेपर्यंत भरलाच पाहिजे. आत सायट्रेट ठरावीक मापाने असतं, नऊ भाग रक्ताला एक भाग. रक्त अर्धवट भरलं की आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा आकडा) उगाच जास्त दिसतो, आणि हृदयाची झडप बदललेल्या पेशंटची रक्त पातळ ठेवणारी गोळी विनाकारण थांबवली जाते.

साखरेबद्दल सगळ्यांना सगळं माहीत असतं, म्हणून दोनच किस्से. मे महिन्यात एका काकूंची एचजीटी 380. सकाळी 140 होती. काकूंनी नुकताच नातवाला आंबा सोलून दिलेला, हात नुसते पुसलेले. साबणाने धुऊन, कोरडे करून, दुसऱ्या बोटातून घेतलं: 152. इन्सुलिन भरलेली सिरिंज मी तशीच ट्रेमध्ये परत ठेवली. दुसरं, ज्या हाताला डेक्स्ट्रोज चालू आहे त्याच हातातून वरच्या बाजूने रक्त घेतलं तर साखर 600 येते, सोडियम-पोटॅशियम पातळ होऊन घसरतं, आणि इंटर्न बिचारा पाच आजारांची नावं लिहितो. साखर 70 च्या खाली गेली, पेशंट शुद्धीवर आहे, गिळता येतंय, तर तीन चमचे साखर पाण्यात, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी. शुद्ध हरपलेली असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, शिरेतून डेक्स्ट्रोज.

आपल्याकडच्या बऱ्याच मुली आता आखातात, इंग्लंडात जातात. पहिल्याच आठवड्यात तिथून मेसेज येतो, "इथे सगळ्यांची शुगर 6 आणि 7 असते, मी हादरले." त्यांचं एकक वेगळं. तिथल्या साखरेला 18 ने गुणा, तुमचा आकडा मिळेल. 7 म्हणजे 126. क्रिएटिनिन मात्र तिथे 88 वगैरे येतं, ते आपलं 1. पोटॅशियम सगळीकडे तेच, म्हणजे 6.8 कुठेही 6.8.

आता फोन. "सर, बारा नंबरचं पोटॅशियम वाढलंय" हा निरोप अर्धवट आहे. रात्री दोनला झोपेतून उठलेल्या डॉक्टरला माणूस डोळ्यांसमोर उभा करून द्यावा लागतो. "सर, मेडिकल वॉर्डातून स्टाफ बोलतेय. बारा नंबर, 58 वर्षांचे, डायलिसिसचे पेशंट, परवाची पाळी चुकलीय. पोटॅशियम 6.8, मागच्या आठवड्यात 5.1 होतं. सॅम्पल नीट घेतलंय, पेशी फुटून हिमोलाइज्ड झालेलं नाही असं लॅब म्हणते. पायात ताकद नाही, नाडी 48, ईसीजीत टी उंच दिसतायत. मॉनिटर लावलाय, शीर चालू आहे, कॅल्शियम ग्लुकोनेट काढून ठेवलंय. तुम्ही येताय ना?" याला अर्धं मिनिट लागतं. ते जे सांगतील ते परत वाचून दाखवायचं, केसपेपरवर वेळ घालून लिहायचं.

लॅबचा फोन घेतानाही तसंच परत वाचायचं, आणि मराठीत जरा जास्तच काळजीने. एका पावसाळ्यात पंखे, पाऊस, नातेवाईकांचा गलका, आणि पलीकडून आवाज: "प्लेटलेट साठ हजार." आमच्या सिस्टरनी वहीत लिहिलं साठ. लॅबवाला म्हणाला होता सात. छापील रिपोर्ट तासाभराने मामा घेऊन आले तेव्हा कळलं. पेशंटला काही झालं नाही, पण तेव्हापासून आमच्या वॉर्डात फोनवर आकडा घेताना सुटा करून विचारतात: "सात, शून्य, शून्य, शून्य? की सहा, शून्य, शून्य, शून्य, शून्य?" लॅबवाले वैतागतात. वैतागू देत.